वरसई ते आचरे : एका प्रतीची पोच

पहिला दिवस : पेण, वरसई

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पेणहून निघाले तेव्हा पिशवीत, कपड्यांच्या दोन घड्यांच्या मध्ये, मेणकापडात गुंडाळलेली विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाची एक जुनी प्रत होती. ती माझ्याकडे २१ वर्षे राहिली, आणि आता ती मालवण तालुक्यात आचऱ्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त एसटी चालकाच्या हाती सोपवायची होती. पोस्टाने पाठवली असती तर चार-सहा दिवसांत पोचली असती. परंतु ज्या गुरुजींनी ती मला दिली त्यांची अट एकच होती, की पुढच्या वाचकाला ती स्वतः नेऊन द्यावी. गोडसे भटजींनी गंगेच्या पाण्याची कावड उत्तरेतून आपल्या खांद्यावर वाहून घरी आणली. त्यांचे पुस्तक दुसऱ्याच्या हाती धाडून देणे बरे दिसत नाही, असे गुरुजी म्हणाले होते. मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि हे बोलणे मला थोडे अतिरेकी वाटले होते. आज तसे वाटत नाही.

पुस्तक ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. वरसई हे पेण तालुक्यातले गाव. तिथल्या एका कर्जात बुडालेल्या भिक्षुकी घराण्यातला हा तरुण १८५७ साली आपल्या रामभट काकांबरोबर उत्तरेकडे निघाला, कारण ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिथे भरपूर दक्षिणा मिळेल अशी बातमी कोकणापर्यंत आली होती. दक्षिणेच्या आशेने निघालेले हे दोघे थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा, त्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी शहरात राहून पाहिली. मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. घरी आली ती गंगाजलाची कावड, आणि त्या पाण्याने भटजींनी आईवडिलांना स्नान घातले. मराठीत प्रवासवर्णने पुष्कळ आहेत, पण पैशासाठी निघालो होतो हे पहिल्या पानापासून इतक्या सरळपणे सांगणारा दुसरा लेखक मला भेटलेला नाही.

प्रवासाची सुरुवात वरसईलाच करावी असे मी ठरवले होते, जरी ती माझ्या वाटेच्या उलट दिशेला होती. पेणच्या स्थानकातून एसटीने सुमारे पाऊण तास लागला. भात कापून झालेल्या खाचरांत वाल चांगला हातभर वर आला होता, आणि उन्हे कलल्यावर डोंगराची सावली गावावर लवकर उतरत होती. भटजींचे घर शोधण्यासाठी मी आले नव्हते आणि कुणाला तसे विचारलेही नाही. बाळगंगेवरच्या धरणाच्या बुडीत क्षेत्रात हे खोरे येते, त्यामुळे या गावात घरांविषयी विचारणे सोपे नाही. एका पारावर बसून मी पहिली दहा पाने वाचली आणि पुस्तक पुन्हा मेणकापडात बांधले. ज्या गावातून लेखक निघाला तिथून त्याची प्रत पुन्हा एकदा निघावी, एवढीच इच्छा होती.

दुसरा दिवस : रेवदंडा

अलिबागहून रेवदंड्याला उतरले ती एका वेगळ्याच कारणासाठी. तिथल्या एका शाळेच्या आवारात अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक आहे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला हे आपण शाळेत पाठ करतो; त्याच्या सुमारे तीन दशके आधी हा त्वेर गावचा माणूस एक घोडा घेऊन रेवदंड्याला लागूनच असलेल्या चौलच्या बंदरात उतरला होता. घोडा विकून नफा होईल एवढाच त्याचा हिशेब होता. भटजींचा दक्षिणेचा हिशेब आणि याचा घोड्याचा हिशेब मला नेहमी एकाच जातीचे वाटतात.

चौलला उतरल्यावर त्याने काय लिहिले? लोक अंगावर फारसे कपडे घालत नाहीत, डोके उघडे असते, आणि आपण जिथे जाऊ तिथे गोरा माणूस पाहायला लोक पाठोपाठ येतात. तिथून तो जुन्नरला गेला, पावसाळा त्याने तिथे काढला, आणि तिथल्या सुभेदाराने त्याचा घोडाच काढून घेतला. पुढे तो बीदरला राहिला. त्याच्या लिखाणात रशियन वाक्याच्या मध्येच तुर्की आणि फारसी शब्द येतात. ज्या प्रदेशात राहिला तिथली भाषा त्याच्या वहीत शिरलेली आहे.

माझ्या मनात जे घर करून आहे ते मात्र त्याच्या परतीचे आहे. तो घरी पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे त्याला मरण आले, आणि त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन ग्रँड ड्यूकच्या कचेरीतल्या वासिली मामिरेव या कारकुनाच्या स्वाधीन केल्या. १४७५ साली ही नोंद रशियन बखरीत झाली, म्हणून आज आपल्याला चौल आणि जुन्नर त्याच्या डोळ्यांनी पाहता येतात. ते व्यापारी कोण होते, त्यांनी वह्या वाचल्या की नुसत्या बांधून नेल्या, कुणालाच सांगता येणार नाही. त्यांचाही माल असेल, घोडे असतील, घरी जायची घाई असेल. त्या ओझ्यात त्यांनी एका मेलेल्या माणसाच्या वह्या ठेवून घेतल्या आणि त्या योग्य माणसाच्या हातात दिल्या.

भटजींच्या पुस्तकाचेही तसेच आहे. इतिहासकार चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या आठवणी उतारवयात लिहून काढल्या आणि हस्तलिखित वैद्यांकडे दिले. सरकारची भीती होती; त्यामुळे ते बरीच वर्षे तसेच राहिले आणि भटजींच्या मृत्यूनंतर, १९०७ साली छापले गेले. ज्याने लिहिले त्याने ते छापलेले पाहिले नाही. शाळेची मधली सुट्टी झाली तेव्हा मुले स्मारकाभोवती पकडापकडी खेळू लागली, आणि मी कडेच्या सावलीत पुस्तक मांडीवर घेऊन बराच वेळ बसले.

तिसरा दिवस : आगरदांडा, दिघी, श्रीवर्धन, वेश्वी

हा दिवस गाड्या आणि धक्के यांतच गेला. मुरूडहून आगरदांड्याला, तिथून फेरीबोटीने दिघीला, दिघीहून श्रीवर्धन. जंजिरा दुरून दिसला आणि मागे पडला. श्रीवर्धनला पेशव्यांचे मूळ गाव म्हणून थोडा वेळ उतरले, आणि तिथे एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. भटजी झाशीला पोचले तेव्हा त्यांना तिथे ओळखीची बोली, ओळखीची पंगत आणि आश्रय मिळाला, याचे कारण याच किनाऱ्यावरून गेलेली घराणी शंभर-दीडशे वर्षांत तिथवर पसरली होती. वरसईचा माणूस झाशीत सर्वस्वी परका नव्हता. बागमांडल्याहून सावित्रीच्या खाडीपलीकडे वेश्वीला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती.

चौथा दिवस : दाभोळ, गुहागर

दापोलीमार्गे दाभोळला दुपारी आले. हिंदुस्थान सोडताना निकितीन याच बंदरातून होर्मुझच्या गलबतावर चढला. चौलला उतरून दाभोळला चढेपर्यंत त्याची काही वर्षे गेली होती. मला तेवढे अंतर कापायला दोन दिवस लागले. वाशिष्ठीच्या मुखाशी पाणी मातकट होते. धोपाव्याकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर दुचाक्या, मासळीच्या टोपल्या आणि एक नवरानवरी अशी गर्दी होती. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली, कारण बोटीच्या पुढच्या फळीवरून अधूनमधून पाणी आत येत होते.

गुहागरचे स्थानक मला या प्रवासात सर्वांत महत्त्वाचे वाटत होते. तीन वर्षांपूर्वी इथेच, मुक्कामाची गाडी सुटायची वाट पाहत, मी बाकावर बसून हीच प्रत वाचत होते. गाडीचे चालक चहा पिऊन आले, वाकून मुखपृष्ठ वाचले आणि विचारले, हे गृहस्थ कुठून कुठे गेले? मी सांगितले. त्यांनी विचारले, कुठला रस्ता धरला? मला नीट सांगता आले नाही. त्यांनी पुढे विचारले, रोज किती कोस चालत होते आणि मुक्काम कुठे टाकत होते? इतक्या वर्षांत मी हे पुस्तक राणीसाठी, वेढ्यासाठी, भटजींच्या भाषेसाठी वाचले होते. पेण ते झाशी हे हजार किलोमीटरहून अधिक अंतर एक माणूस पायांनी कसा तोडतो, हा प्रश्न मी पुस्तकाला कधी विचारलाच नव्हता. ज्यांनी तीस वर्षे रात्रीच्या गाड्या चालवल्या त्यांना तो पहिल्या मिनिटाला सुचला. पुढे पत्रे आली. त्यांत कवितेचा किंवा भावनेचा एक शब्द नव्हता, फक्त प्रश्न होते : घाट उतरताना ओझे कोण उचलत होते, नदी कशी ओलांडली, चोरांच्या टापूतून रात्री निघत की दिवसा. निवृत्तीनंतर त्यांनी लिहिले की आता वाचायला वेळ आहे. तेव्हाच मी ठरवले.

पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या बाजारात मिळतात आणि मी त्यांना एखादी सहज पाठवू शकले असते, हे इथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. पण या प्रतीच्या आरंभी एक कोरे पान आहे आणि त्यावर माझ्या आधीच्या सात वाचकांनी लिहिले आहे. कुणीही नाव घातलेले नाही. गाव, वर्ष, आणि वाचताना आपण कुठे थांबलो ते. 'महाड, १९६८. झाशीच्या तटावर तोफा लागल्या आणि दिवा मालवता आला नाही.' 'चिपळूण, १९७९. महूच्या वाटेवर शिपाई भेटतात तिथे. मी असतो तर परत फिरलो असतो.' एका नोंदीत फक्त 'आईला वाचून दाखवले' एवढेच आहे. वाचताना मी एकटी नसते, हे या पानामुळे मला नेहमी वाटत आले आहे, आणि चालकांना ते पान मिळावे म्हणून ही खटपट आहे.

संध्याकाळी खानावळीत जेवणाची वाट पाहत पुस्तक उघडले आणि कण्याजवळचा दोरा तुटला. मधला एक फर्मा, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांचा जुडगा, सुटून हातात आला. कोकणातल्या दमट हवेत एवढी वर्षे टिकलेली शिवण नेमकी पोचवायच्या दोन दिवस आधी उसवावी, याचे मला फार वाईट वाटले. त्या रात्री मी नीट जेवले नाही.

पाचवा दिवस : तवसाळ, जयगड, रत्नागिरी

सकाळी तवसाळच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे जयगडला उतरले आणि थेट रत्नागिरीची गाडी धरली. मालगुंडला केशवसुतांचे घर पाहावे असे मनात होते. ते राहून गेले. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे, म्हणजे भटजी लहान मूल असताना या किनाऱ्यावर वाचनालय चालू झाले होते. तिथल्या एका सेवकांना मी सुटलेला फर्मा दाखवला आणि त्यांनी जुन्या बाजारपेठेतल्या एका बाइंडरांचा पत्ता दिला.

बाइंडर वयस्कर होते. त्यांनी प्रत हातात घेतली, कणा उलगडून पाहिला, पानांना नाक लावले आणि म्हणाले, कसर लागलेली नाही, कुणीतरी वेखंड ठेवत आले आहे. ते खरे होते. गुरुजींनी दिले तेव्हा पुस्तकात वेखंडाचा तुकडा होता आणि दर पावसाळ्यापूर्वी मी तो बदलत असे. त्यांनी जुजबंदी शिलाई करायची असे ठरवले. प्रत्येक फर्मा मधोमध उघडून दोऱ्याने शिवायचा, म्हणजे पुस्तक सपाट उघडते आणि पान तुटत नाही. खळीत मोरचूद घालू का, असे त्यांनी विचारले. किडीला तो चालत नाही.

मग त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या आणि दोन्हींना मी नकार दिला. पहिली, कडा खराब झाल्या आहेत तर तिन्ही बाजूंनी कापून सरळ कराव्यात. समासात गुरुजींची शिसपेन्सिलीतली बारीक टिपणे आहेत. वैद्यांनी छापताना भटजींच्या मजकुरात बरीच दुरुस्ती आणि काटछाट केली होती. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादिलेला पाठ १९६६ साली आला, आणि तो शेजारी ठेवून गुरुजींनी जिथे जिथे फरक आहे तिथे समासात खूण केली आहे. ती टिपणे कडेपासून सुपारीच्या जाडीइतकी आत आहेत. पाते फिरले असते तर दोन वर्षांची मेहनत कचऱ्यात गेली असती. दुसरी गोष्ट, नवीन अस्तर लावताना ते आरंभीचे पान झाकून टाकावे, कारण ते फाटायला आले आहे. मी त्यांना त्या नोंदी वाचून दाखवल्या. ते ऐकत राहिले, मग म्हणाले की मागून पातळ कागद चिकटवून हे पान राखता येईल, आणि पुढच्यांना लिहायला आणखी दोन कोरी पाने शिवता येतील. मला हे सुचले नव्हते. आठवी नोंद लिहिल्यावर त्या पानावर जागाच उरणार नव्हती.

खळ वाळायला रात्र लागणार होती. लॉजवर पुस्तकाशिवाय बसले आणि आपली नोंद काय असावी याचा विचार केला. अनेकांना वेढ्याचे प्रकरण थोर वाटते आणि ते आहेच. मला मात्र दरवेळी एका विहिरीपाशी थांबावे लागले. झाशी पडल्यानंतर धुळीने माखलेली, तहानलेली राणी वाटेतल्या एका विहिरीवर भटजींना भेटते. ते पाणी काढून द्यायला पुढे होतात, आणि ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, अशा अर्थाचे बोलून स्वतः पाणी काढते. राज्य गेलेले आहे, पाठलाग चालू आहे, आणि तरी समोरच्या माणसाची पायरी तिच्या ध्यानात आहे. त्या पायरीविषयी आज माझे मत वेगळे आहे. जन्मावरून पाणी कुणी काढावे हे ठरू नये. तरीही त्या प्रसंगातली तिची तहान आणि तिचा संयम यांपुढे मी प्रत्येक वेळी थांबले. सकाळी प्रत ताब्यात आल्यावर बाइंडरांच्या टेबलावर बसूनच मी लिहिले : 'पेण, २१ वर्षे. विहिरीपाशी.'

सहावा दिवस : रत्नागिरी ते आचरे

पावस, जैतापूर, देवगड असा मार्ग धरला. देवगड तालुक्यातले पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव. मराठीतले पहिले वृत्तपत्र 'दर्पण' त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी काढले, त्या वेळी वरसईचा विष्णुभट पाच वर्षांचा असेल-नसेल. गाडी बदलून आचऱ्याकडे निघाले तेव्हा पिशवी मांडीवरून खाली ठेवावीशी वाटत नव्हती. दोनदा मनात आले, अजून एक वर्ष ठेवून घ्यावी. ते मान्य करणार नाहीत असे थोडेच आहे? गुरुजींनी मला दिली त्या दिवशी त्यांचे हात पुस्तकावर थोडा वेळ तसेच राहिले होते, ते आठवले आणि मी तो विचार सोडला.

चालक तिठ्यावर उभे होते. 'इलात मां, बाईनू? सकाळपासून वाट बघी होतंय,' असे म्हणून त्यांनी माझी पिशवी घ्यायला हात पुढे केला. कपड्यांची पिशवी मी दिली आणि पुस्तक स्वतःकडे ठेवले. त्यांनी ते पाहिले पण काही बोलले नाहीत. घर माडांच्या आगरात होते. वहिनींनी घावणे आणि खोबऱ्याचा रस पुढे ठेवला आणि खाऊन झाल्याशिवाय पुस्तकाचे नाव काढू दिले नाही. मग चालकांनी हात साबणाने धुतले, कोरड्या पंच्याला पुसले, आणि पडवीतल्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले.

मेणकापड मी सोडले. त्यांनी प्रत दोन्ही हातांत घेतली. आरंभीचे पान त्यांनी ओठ हलवत सावकाश वाचले, प्रत्येक नोंद दोनदा. माझ्या नोंदीशी आल्यावर मान वर केली आणि विचारले, ही विहीर कुठल्या वाटेवर? काल्पीकडे जाताना, असे मी सांगितले. पुढची दोन कोरी पाने त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली. त्यांच्यानंतर कुणाला द्यायचे हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. अट मात्र मी सांगितली, गुरुजींच्याच शब्दांत, आणि कावडीची गोष्ट ऐकून त्यांनी हळूच 'बराबर' म्हटले. वेखंडाचा नवा तुकडा मी पेणहून आणला होता, तो वहिनींनी ठेवून घेतला.

त्यानंतर ते आत गेले आणि लांबट हिशेबाची एक वही घेऊन आले. पहिल्या पानावर पट्टीने चार रकाने आखले होते : दिवस, कुठून, कुठे, मुक्काम. चष्मा लावून त्यांनी पुस्तकाचे पहिले प्रकरण काढले आणि 'वरसई' या शब्दावर बोट ठेवले.

'पेणहून रस्तो खंयच्या अंगाक?' त्यांनी विचारले.

मी सांगितले : पेण मागे टाकून डोंगराच्या बाजूला आत जायचे, एसटीला पाऊण तास लागतो, रस्ता बहुतेक सपाट आहे, भाताच्या खाचरांमधून. त्यांनी शिसपेन्सिल ओठांना लावली आणि पहिल्या रकान्यात एक लिहिले.